तुर्कांचं पारायण

नसीम आपांनी मला अलिफ, बे, पे शिकवलं. पुढं जे काही लिहिणार आहे त्याच्या आधी हे लिहून ठेवतो, कारण माझा स्वभाव घाबरा आहे आणि घाबऱ्या माणसाला सारखं वाटतं, सगळं सांगण्याच्या नादात आभार राहून जातील. आपा अंबडच्या उर्दू शाळेत इतिहास शिकवायच्या. मी त्यांच्या शाळेत कधीच नव्हतो. कुठल्याच शाळेत धड नव्हतो. नववी अर्धी टाकून मालवणकडून जालन्याला आलो आणि बियाण्याच्या कंपनीच्या टेम्पोवर लागलो. आधी पोती उचलायला, आता चालवायला. असल्या माणसाला त्यांनी समोर बसवलं आणि उजवीकडून डावीकडं वाचायला शिकवलं. बाकीचं सगळं त्याच्यामुळं झालं.

यंदाही ज्वारी हुरड्यात आली आहे. अंबडच्या पुढं शेताच्या कडेला आगट्या पेटल्यात, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसून माणसं भोवती बसलीत, तळहातावर चोळून दाणे काढतायत. सकाळी काचेवर दव असतं आणि दुपारी केबिनमध्ये घाम. उसाच्या ट्रॉल्या पाचट सांडत घनसावंगीकडून येतात. त्यांच्या मागं एकदा अडकलं की पुढचं काही दिसत नाही, नुसती हलणारी हिरवी भिंत. लोकांना हे दिवस आवडतात. मला या दिवसांत करमत नाही. हात स्टिअरिंगवर आणि जीव कुठल्यातरी पानावर. वाटत राहतं, या घडीला कुठल्यातरी गावात कुणीतरी एक पुस्तक फडक्यात बांधून नदीकडं निघालंय आणि मी ट्रॉलीच्या मागं हॉर्न वाजवत बसलोय.

माझ्याकडं तुर्कस्तानच्या इतिहासाची जुनी पुस्तकं आहेत. फार नाहीत, एक पत्र्याची ट्रंक भरते. बरीचशी उर्दू, दगडावरून छापलेली, शाईच्या रेघा अजून बोटाला लागतील अशा. एक इंग्रजी, त्याला पुठ्ठा नाही आणि ते मला वाचताही येत नाही, पण त्यातल्या बंदराच्या चित्रासाठी ठेवलंय. हैदराबादच्या राज्यात शिकलेल्या घरांमधून ही पुस्तकं वाचली जात. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे त्यांना लांबचा पण आपला कुणीतरी वाटायचा. मग ती घरं बदलली, मुलं मराठी-इंग्रजी शिकली, पुस्तकं माळ्यावर गेली. जुन्या उर्दूत तुर्कस्तानला रूम म्हणतात. हे मी एकदा आमच्या खोलीवरच्या पोरांना सांगितलं आणि माझं नाव कायमचं पडलं. आता गोदामातून हाक येते, "ओ रूमचे सुलतान, गाडी मागं घ्या."

हा नाद लागला त्याचं कारण शाळेच्या पुस्तकातला एक धडा. तो सगळेच शिकलेत. तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं, जुनी व्यापाराची वाट बंद झाली, म्हणून युरोपची माणसं समुद्रानं नवी वाट शोधायला निघाली. पुढचा सगळा धडा त्या निघालेल्या माणसांचा. वाट ज्यांनी बंद केली त्यांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. आमच्या गुरुजींनी तो धडा सुरू केला आणि त्याच आठवड्यात बाबांची पाठ कायमची धरली. होडीवर जाणारं दुसरं कुणी नव्हतं आणि माझ्यानं ते होईना, मला समुद्र लागतो, होडीत उलट्या होतात. मालवणच्या पोराला समुद्र लागतो हे सांगायची लाज वाटायची. म्हणून जिथं समुद्र नाही अशा ठिकाणी काम बघितलं. जालना त्या दृष्टीनं उत्तम. पण तो धडा अर्धा राहिला आणि अर्धं राहिलेलं मला झोपू देत नाही.

पहिलं पुस्तक जालन्याच्या जुन्या बाजारात मिळालं, रद्दीच्या दुकानात. सगळी रद्दी खाली ढिगात आणि हे एकटं वर, गणपतीच्या फोटोशेजारी. मी भाव विचारला तर दुकानदार म्हणाला, "ते तराजूत घालत न्हाई मी. देवाचं हाये. तुला पायजे तर पाया पडून घेऊन जा." मी चपला काढल्या, पाया पडलो, घेऊन आलो. खोलीवर आल्यावर पंचाईत. ठेवायचं कुठं? भिंतीतल्या फळीवर ठेवलं तर झोपताना पाय तिकडं येतात. मी खाट फिरवली. खाट फिरवली तर दार उघडेना. पोरं शिव्या द्यायला लागली. मला लिपी येत नव्हती, पण भीती सगळ्या लिप्यांची वाटायची.

अंबडच्या कृषी केंद्रात माल उतरवताना मी हे तिथल्या सलीमभाईला सांगितलं. तो हसून म्हणाला, "आमच्या फुप्पीला दाखव." त्याची फुप्पी, म्हणजे वडिलांची बहीण, म्हणजे नसीम आपा, दुकानामागच्या घरात राहायच्या. मी पुस्तक डोक्याला लावून त्यांच्या पुढं धरलं. त्यांनी चष्मा घातला, पहिलं पान बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बेटा, इसको तू कायकू सर पे रख रा? ये तवारीख है. बादशाहों की. रूम के बादशाहों की."

"कुठल्या रूमचे?" मी विचारलं.

त्या इतक्या हसल्या की आतून सून बघायला आली. मग त्यांनी तुर्कस्तान म्हटलं, आणि मी जे तोंड केलं असेल ते बघून हसायचं थांबवून म्हणाल्या, "बैठ."

त्या वर्षी जेव्हा जेव्हा अंबडची फेरी असे तेव्हा माल उतरल्यावर मी आपांच्या ओसरीवर बसे. बियाण्याच्या रिकाम्या कागदी पिशवीच्या आतल्या बाजूवर त्या अक्षरं काढायच्या. एकच अक्षर शब्दात कुठं येतं त्याप्रमाणं अंग बदलतं, हे मला फार आवडलं. सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी हातपाय पसरून. जेर-जबर, म्हणजे अक्षराच्या खालीवर द्यायच्या स्वरांच्या खुणा, पुस्तकात छापत नाहीत, वाचणाऱ्यानं ओळखायच्या असतात. मी चुकीच्या ओळखायचो. आपा नुसता "हं" म्हणायच्या आणि त्या "हं"वरून मला कळायचं, मागं जायचं.

एक दिवस कॉन्स्टॅन्टिनोपलचा वेढा आला. बंदराच्या तोंडाला साखळी होती, जहाजं आत जाईनात. मग सुलतानानं डोंगरावर ओंडके टाकले, त्यांना चरबी फासली आणि जहाजं जमिनीवरून ओढून पलीकडं पाण्यात उतरवली. आपा म्हणाल्या, हे मुलांना शिकवताना दर वर्षी कुणीतरी म्हणायचं की झूठ है. मी म्हणालो, झूठ नाही. आमच्याकडं होड्या अशाच ओढतात, खाली फळ्या टाकून, तेल लावून, सगळे मिळून, एकानं हाळी द्यायची. आपांनी पुस्तक मिटलं आणि मला ती हाळी म्हणून दाखवायला सांगितली. मी म्हटली. अंबडच्या त्या ओसरीवर, जिथून समुद्र कितीतरी लांब.

आई फोनवर विचारायची, "तुर्क तुका जेवक घालतले काय? घराक कधी येतलंस ता सांग." मी विषय बदलायचो.

ते पुस्तक वेढ्यानंतर थोड्या पानांनी संपायचं. संपायचं म्हणजे वाक्याच्या मध्येच तुटायचं. तेव्हा अशी पुस्तकं सुट्या भागांत छापून येत आणि मालक आपल्या सोयीनं बांधून घेत, असं आपांनी सांगितलं. त्या छपाईत प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतात, बांधणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून. माझ्या शेवटच्या पानाखाली शब्द होता 'हालांकि'. म्हणजे 'जरी'. जरी काय? मी गावोगाव माल टाकताना विचारत फिरायचो, कुणाकडं जुनं उर्दू पुस्तक आहे का. लोक मला बुवाबाजीतला समजायचे.

मग ते माघाचे दिवस. बियाण्याचा धंदा तेव्हा थंड असतो, गाड्या उभ्या असतात. सलीमभाईचा फोन आला. दुकानात दत्ता नावाचा शेतकरी ठिबकच्या नळ्या घ्यायला आला होता, घनसावंगीच्या पुढं गोदाकाठच्या गावाचा. बोलता बोलता म्हणाला की त्यांच्या देव्हाऱ्यात एक पिराची पोथी आहे, आजी असताना दर गुरुवारी तिला ऊद दाखवायचे. आता पानं गळायला लागली आहेत. भंगलेलं घरात ठेवू नये, म्हणून येत्या अमावस्येला गंगेत सोडायची. तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी गाडी काढली आणि अंबडला आपांना सांगायला थांबलो. त्या चपला घालून दारातच उभ्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून बाजारापर्यंत न जाणाऱ्या आपा टेम्पोच्या पायरीवर चढल्या. मी आधार द्यायला गेलो तर म्हणाल्या, "तू गाडी संभाल."

दत्ताच्या आईला सगळे काकू म्हणत. सिमेंटचं नवं घर, पुढं उसाची मोळी टाकलेली, आत टीव्हीच्या बाजूला देव्हारा. काकूंनी हात धुऊन पोथी काढली. हिरव्या ओढणीत बांधलेली होती. ओढणीची किनार तारेची, काळी पडलेली. काकू सांगायला लागल्या. हैदराबादचं राज्य गेलं त्या धामधुमीत शेजारचं मुसलमानाचं घर उठून गेलं. जाताना त्या घरातली बाई, काकूंच्या सासूच्या वयाची, डोक्यावरची ओढणी काढून त्यात हे बांधून देऊन गेली.

"म्हनली, सांभाळ, आम्ही आलो का नेतो. आल्याच न्हाईत. मंग सासूबाईनं देवात ठिवलं. दुसरं कुटं ठिवावं?"

पाण्याचा तांब्या पुढं आला होता तो आपा तसाच हातात धरून बसल्या. मी पुस्तक उघडलं. पहिल्या पानाचा पहिला शब्द 'हालांकि'. तोच कातिबाचा, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याचा हात, तोच कागद. मला ते पुस्तक उचलून पळावंसं वाटलं, हे खरं आहे, आणि पळून जाणार कुठं, तर बाहेर उसाची मोळी.

आपा म्हणाल्या, "बाई, हे कलामपाक, कुराण न्हाई. बादशहांचा इतिहास हाये. तुर्कस्तानच्या."

काकूंनी मान हलवली. "आसंल. आमच्या पोथ्यांत तरी कोन असतंय? राजेच असत्यात."

"मंग आजून सोडायची का गंगंत?" दत्तानं विचारलं.

"भंगलेली हाये ना. सोडावीच लागंल."

मी आपांकडं बघितलं. मला मागायचं धाडस नव्हतं. मागितलं असतं आणि त्यांनी नाही म्हटलं असतं, तर संपलंच असतं. आपांनी तांब्या खाली ठेवला. "बाई, तुमच्यात पोथी वाचल्याबिगर सोडतात का?"

काकूंनी देव्हाऱ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "न्हाई. पारायण झालं पायजे."

"याचं झालं कधी?"

"वाचनारच कोन न्हाई."

"ये है ना," आपा म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं.

असं ते पारायण बसलं. अमावस्येपर्यंत रोज दुपारनंतर मी अंबडहून आपांना घेऊन जायचो. चौरंगावर पुस्तक, शेजारी समई, काकूंनी सतरंजी टाकलेली. मी उर्दूतून वाचायचो आणि लगेच मराठीत सांगायचो, अडलं की आपा. पहिल्या दिवशी काकू आणि दत्ताची बायको. मग शेजारच्या दोघी. मग ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या बाया कोयते बाहेर ठेवून दाराशी टेकायला लागल्या. दत्ता हुरडा आणि ताक आणून मध्ये ठेवायचा. "घ्या बुवा, गळा ओला करा." पहिल्यांदाच मला कुणी बुवा म्हटलं आणि तेही तुर्कांमुळं. कायदे करणारा सुलतान त्यांना आवडला. व्हिएन्नाचा वेढा पावसानं फसला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मंग पेरायच्या वक्ताला कशाला गेल्ता लढाईला?" आपा तोंडावर पदर घेऊन हसल्या.

मी मात्र हसत नव्हतो. पुढच्या दिवसाची पानं मी आधी वाचून ठेवायचो आणि शेवटाकडं एक पान असं आलं की मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. एक सुलतान गादीवर बसतो आणि बसल्या दिवशी आपल्या सगळ्या भावांना मारून टाकतो. काही तर पाळण्यातले. बाहेर त्यांच्या पेट्यांची रांग. हे या बायांपुढं वाचायचं? ज्या पुस्तकाला सासूनं जन्मभर ऊद दाखवला, त्यात हे? त्या काय समजतील? गाव काय समजेल? आपा मुसलमान, मी परका ड्रायव्हर. येताना रस्त्यात मी आपांना म्हणालो, "ते पान उलटतो. कुणाला कळणार आहे."

आपा काचेबाहेर बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला होता. बाहेरचं त्यांना किती दिसत होतं देव जाणे. म्हणाल्या, "बच्चों को पढाते वक्त मैं भी एक-दो बार पन्ने उलटाई. बाद में वो बच्चे बडे हुए, कहीं और पढे, और मुझे आके पूछे, आपा, ये आप कायकू नईं बताए? लिखा है सो पढना पडता."

मी वाचलं. पाळण्यावर आलो तेव्हा ऊसतोडीची एक बाई, जिचं लेकरू मांडीवर होतं, उठून बाहेर गेली. काकू ताठ बसल्या होत्या. मी थांबलो. समईची वात चरचरली. मला वाटलं, आता सगळं गेलं, पुस्तकही आणि आपांची लाजही.

"ह्याला आम्ही ऊद लावत व्हतो?" काकू म्हणाल्या.

त्यांनी चौरंगावरच्या पानाकडं बोट केलं.

"आन् हे आसं लिवून ठिवलंय? झाकलं न्हाई?"

"न्हाई झाकलं," आपा म्हणाल्या.

काकूंनी पदर सारखा केला. "मंग वाच पुढं. अर्ध्यात सोडू नये."

अमावस्येला पारायण संपलं. काकूंनी पुरण घातलं होतं. जेवणं झाल्यावर दत्तानं विचारलं, गंगेवर कधी निघायचं. काकू देव्हाऱ्यापुढं बसल्या. ओढणीची गाठ सोडली, पुस्तक बाहेर काढलं आणि माझ्या पुढं सरकवलं.

"हे ने बाबा तू. भाऊ मारनाऱ्याची पोथी मला देवात नको. आन् गंगंत तरी कशाला, ती काय कुनाचंबी पाप पोटात घेती का? तुला वाचता येती, तू ठिव."

मी ओढणीसकट घ्यायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"ही न्हाई."

त्यांनी ओढणी झटकली, नीट चौघडी घातली आणि परत देव्हाऱ्यात ठेवली, होती तिथंच. "ही तिची हाये. ती आली का तिला लागंल." मग आपांकडं वळून, जशी आपली चूक नसताना माणूस सफाई देतो तसं म्हणाल्या, "सासूबाई ज्याच्या पाया पडायच्या ना, मला वाटतं ते हेच आसंल."

आपा उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाय ओढत देव्हाऱ्यापर्यंत गेल्या. ओढणीवर दोन बोटं ठेवली, क्षणभर. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चल बेटा, अंधेरा हो जाएगा."

परतीच्या रस्त्यावर अंबड जवळ आल्यावर आपा म्हणाल्या, या पुस्तकाचा अजून एक भाग असायला हवा. असलाच तर त्यात सगळं संपताना येईल, सुलतानाला देशाबाहेर काढलं ते, आणि मग त्या घराण्यातल्या मुली निजामाच्या घरात सुना म्हणून हैदराबादला आल्या ते. आपांच्या आईनं त्यांची मिरवणूक बघितली होती म्हणे, कुणाच्यातरी खांद्यावर बसून. ती गोष्ट आपांनी लहानपणी इतक्या वेळा ऐकली की आता आईनं ती रचली होती का, असं त्यांना वाटतं. "लिखा हुआ मिला तो अच्छा," म्हणाल्या. त्या दिवशी मला कळलं की गुडघे दुखत असताना त्या रोज माझ्यासोबत का येत होत्या. नुसतं माझ्यासाठी नाही. आणि तरी माझ्यासाठीही.

आता दोन भाग ट्रंकेत आहेत, कडुनिंबाच्या पाल्यात. मी रोज उघडून बघतो. झुरळ, उंदीर, घरमालक, गळकं पत्र्याचं छत, कशाकशाची भीती वाटते. त्याहून जास्त भीती वाटते ती जे पुस्तक अजून मिळालं नाही त्याची. वाटूरला विचारलं, परतूरला विचारलं, जालन्यात तर गल्ली सोडली नाही. आपांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं डॉक्टर बघू म्हणतायत. मागच्या आठवड्यात गेलो तर त्यांनी वर्तमानपत्र माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाल्या, वाच. मी एक शब्द चुकीचा वाचला. त्यांनी "हं" म्हटलं नाही. चूक ऐकू आली नाही की सोडून दिली, ते विचारायचं माझ्या जिवावर आलं.

आपा, हे सलीमभाई तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून इथं लिहितो, तोंडावर बोलायला मला जमत नाही. तिसरा भाग मी आणीन. कुणाच्या माळ्यावर असो, देव्हाऱ्यात असो, नदीच्या वाटेवर असो. आणून तुमच्या ओसरीवर बसून पहिल्या पानापासून वाचीन, एक पान उलटणार नाही, आणि तुमच्या आईनं बघितलेली मिरवणूक त्यात असेल तर ते पान तुम्ही म्हणाल तितक्या वेळा वाचीन. लवकर आणीन असं म्हणायची हिंमत होत नाही. आणीन, एवढं म्हणतो.